गव्हाणीचा हिशेब

शहरात वाढलेल्या मुलांना गव्हाण दोन ठिकाणी भेटते. एकदा इसापनीतीत आणि एकदा नाताळात. इसापच्या गोष्टीत एक कुत्रा गव्हाणीत जाऊन बसतो. स्वतः गवत खात नाही आणि भुकेल्या बैलालाही खाऊ देत नाही. नाताळच्या देखाव्यात त्याच गव्हाणीत बाळ येशू निजलेला असतो. दोन्ही गोष्टी आपल्याकडे बाहेरून आल्या. बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ सालची, म्हणजे मराठी छापील पुस्तकांच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. त्या वेळच्या वाचकाला गव्हाण समजावून सांगण्याची गरजच नव्हती. ती त्याच्या अंगणापलीकडे, गोठ्यात होती.

आज ती समजावून सांगावी लागते. गव्हाण म्हणजे गुरांपुढे वैरण घालण्यासाठी गोठ्यात केलेली, कडेने बांध घातलेली जागा. कुणाची मातीची, कुणाची दगडाची, कुणाची लाकडाची, अलीकडे बहुतेकांची सिमेंटची. गुरांचं ताट म्हटलं तरी चालेल. ही बाजारात विकत मिळणारी वस्तू नव्हती. ज्याची गुरं, त्यानेच ती आपल्या हाताने घालायची. घर बांधलं असं आपण म्हणतो, पण आमच्याकडे चूल ‘घालतात’ आणि गव्हाणही ‘घालतात’. आज या घरच्या गव्हाणीबद्दल थोडं बोलायचं आहे. राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात तिला जागा नाही. पण मराठी मुलखातला शेतकरी दुष्काळातून कसा तगला, हे समजून घ्यायचं असेल, तर गोठ्यात वाकून या गव्हाणीकडे बघावंच लागतं.

सुरुवात शब्दापासून करू. संस्कृतात ‘गवादनी’ असा शब्द आहे. गो म्हणजे गाय-बैल, अदन म्हणजे खाणं. गुरांच्या खाण्याची जागा ती गवादनी. प्राकृतात तिची ‘गवाणी’ झाली आणि मराठीत गव्हाण. गुजरातीत हीच ‘गमाण’ म्हणून नांदते. पाणी पाजायची दगडी डोण आली ‘द्रोणी’वरून. म्हणजे पंगतीत आमटी वाढायचा पानांचा द्रोण आणि विहिरीवरची डोण यांचं कूळ एकच. गुरं ओळीने बांधायची ती दावण. हा शब्द दाव्यावरून आला, आणि दावं संस्कृत ‘दामन्’वरून, म्हणजे दोर.

आता दुसरीकडे वळा. ‘तबेला’ हा शब्द अरबी ‘तवीला’वरून आला. तवील म्हणजे लांब. घोडी ओळीने बांधायचा लांब दोर तो तवीला, आणि पुढे ती जागाच तबेला झाली. म्हणजे दावण आणि तबेला हे दोन शब्द दोन वेगळ्या मुलखांतून आले, पण दोघांनीही जागेला नाव दिलं ते दोरावरून. पागा, तोबरा, खुराक हे शब्द फारसीतून आले. घरी दखनी बोलत आणि शाळेत मराठी शिकत मी वाढलो, त्यामुळे मला या गोष्टीचं नेहमी अप्रूप वाटतं. माणसं कोणत्या भाषेत भांडली असतील ती असोत, त्यांची गुरं मात्र पिढ्यान् पिढ्या या साऱ्या शब्दांच्या एकाच दावणीला उभी राहून खात आली आहेत.

गव्हाणीचा लिखित पुरावा शोधायला गेलं, तर आपल्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत मागे जाता येतं. त्यातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात पागा कशी बांधावी, हे बारकाईने सांगितलं आहे. प्रत्येक घोड्याची जागा घोड्याच्या लांबीएवढी चौरस असावी, खाली गुळगुळीत फळ्या अंथराव्यात, मूत आणि लीद बाहेर जायची सोय असावी, आणि त्या जागेत ‘खादनकोष्ठक’ असावं. खादनकोष्ठक म्हणजे खाण्याचा कोठा. आपल्या भाषेत गव्हाण. त्याच ग्रंथात गाई-बैलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं वेगळं प्रकरण आहे. बैलाला हिरवं गवत किती, साधं गवत किती, पेंड किती, कोंडा किती आणि मीठ किती, याची मापं तिथे दिलेली आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यातही घोडे, उंट, बैल यांच्या रोजच्या दाण्याचा हिशेब आहे. म्हणजे ज्याच्याकडे राज्य होतं, त्याच्याकडे वैरणीचा हिशेब होता. ज्याने हिशेब सोडला, त्याची फौज पावसाळ्यात पायी चालली.

मराठी माणसाला या संदर्भात एक पत्र आठवायलाच हवं. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना पाठवलेलं. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, एवढाच या पत्राचा सारांश आपण सहसा सांगतो. पण हा आदेश देण्यामागचं कारण वैरणीचं होतं. पुढे पावसाळा आहे. दाणा-वैरण आहे तोवर मनाला येईल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही जाऊन कुणब्यांना लुबाडाल. रात्री दिवा तसाच ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळेल, इथवर त्यात सांगितलं आहे. स्वारांनी वैरण उधळली, तर ती भरपाई शेवटी रयतेच्या गंजीतून होते, हा त्या पत्राचा गाभा आहे. वैरणीची नासाडी ही राज्यकारभाराची गोष्ट आहे, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी राज्यकर्त्यांनी लिहून ठेवलं.

घोडदळाला गव्हाण बरोबर नेता येत नाही. तिथे तोबरा कामाला आला. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. हरभऱ्याची चंदी तिच्यात भरायची आणि पट्टा डोक्यामागून अडकवायचा. एक दाणा खाली सांडत नाही. ‘तोंडात तोबरा भरला’ असं आपण पानाचा विडा कोंबलेल्या माणसाला म्हणतो, ते इथूनच आलं. तोबरा ही घोड्याबरोबर चालणारी गव्हाण. शेतकऱ्याची गव्हाण मात्र जागची हलत नाही. तिचा सगळा गुण तिच्या स्थिरपणात आहे.

हा गुण नेमका कोणता, हे आकड्यात मांडून बघू. जनावराला त्याच्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन भाग इतका कोरडा चारा रोज लागतो, असं पशुवैद्य सांगतात. चारशे किलोच्या बैलाला म्हणजे दहा किलो. आता समजा, गव्हाण नाही. कडबा जमिनीवर टाकला. बैल त्यावर पाय देतो, मुततो, शेण टाकतो, आणि मग त्याला तोंड लावत नाही. गुरांनी खाऊन उरलेल्या अशा चाऱ्याला ‘चघळ’ म्हणतात. समजा, दहा किलोतला एकच किलो असा चघळीत गेला. दोन बैल आणि एक गाय, अशा तीन जनावरांमागे दिवसाला तीन किलो. वर्षाला एक हजार पंचाण्णव किलो. ही तीन जनावरं रोज तीस किलो खातात. म्हणजे वाया गेलेली वैरण त्यांना छत्तीस दिवस पुरली असती. हे छत्तीस दिवस कोणते? चैत्र-वैशाखातले. गंज संपलेली असते, पाऊस आलेला नसतो, आणि कडब्याचा शेकडा महाग झालेला असतो. तेव्हा दावणीचा बैल बाजारात न्यायचा की ठेवायचा, याचा निकाल त्या छत्तीस दिवसांवर लागतो. मातीच्या चार हात बांधाची किंमत एवढी आहे.

आता ती घालायची कशी, ते सांगतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यात सीनेकाठच्या एका गावात नालबंद होते. बैलांना नाल ठोकायचे, आणि जोडीला दोन एकर कोरडवाहू जमीन होती. गव्हाण घालायचं काम दादीचं. गावात सुताराच्या बलुत्यात नांगर, कुळव आणि गाडी होती, लोहाराच्या बलुत्यात फाळ आणि विळे होते, मांगाच्या बलुत्यात दावी आणि कासरे होते. मातीची गव्हाण आमच्याकडे कुणाच्याच बलुत्यात नव्हती. ती घरातल्या बाईची. म्हणूनच बहुधा तिच्याबद्दल कुणी लिहून ठेवलं नाही.

फाल्गुनात ज्वारी काढून झाली, की दादी पडक्या गढीची पांढरी माती आणवायची. काळी माती वाळली की भेगाळते, पांढरी धरून राहते. त्या मातीत गव्हाचं भूस आणि शेण घालून आठ दिवस भिजत ठेवायचं. रोज पाणी शिंपडायचं आणि पायाने तुडवायचं. माती हाताला लोण्यासारखी लागली, की कामाला सुरुवात. सगळ्यात खाली दगडांचा एक थर, म्हणजे ओल वर चढत नाही आणि उंदीर पोखरत नाही. त्यावर मातीचा थर, एका दिवशी एक वीत. तो सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. घाई केली, तर आपल्याच वजनाने बांध बसतो. बैलाच्या बाजूची भिंत त्याच्या गुडघ्याच्या थोडी वर, पलीकडची त्याहून उंच, म्हणजे झटका मारला तरी वैरण मागे सांडत नाही. तळ जमिनीपासून वीतभर उचललेला. जनावर चरताना मान खाली घालतं, तसंच ते गव्हाणीत खाली मान घालून खाऊ शकलं पाहिजे. तशी खाताना तोंडाला लाळ चांगली सुटते आणि रवंथ नीट होतो.

आतून कोपरा ठेवायचा नाही, हा दादीचा सगळ्यात कडक नियम. आम्हा मुलांना लिंपायला बसवायची आणि म्हणायची, “कोना नको रखू रे, कोनेमें आंबता.” आंबोण म्हणजे पेंड, भरडा आणि कोंडा भिजवून केलेलं खाणं. ते कोपऱ्यात अडकलं, की आंबतं, बुरशी धरतं, आणि मग जनावराचं पोट बिघडतं. म्हणून आतली कड वाटीसारखी गोल. एका टोकाला बोटभर भोक, चिंधीचा बोळा घालून बंद केलेलं. धुतलं की बोळा काढायचा, पाणी निघून जातं. वरच्या कडेला बाभळीचं गुळगुळीत केलेलं लाकूड दाबून बसवायचं, कारण बैल तिथे मान घासतो. मध्ये एक आडवी भिंत. दोन बैलांत एक दांडगा असतोच. भिंत नसली, तर तो आपला घास संपवून शेजाऱ्याच्या घासात तोंड घालतो. सगळ्यात शेवटी शेणाचं सारवण, आणि वर टांगलेला शेंदेलोण मिठाचा खडा.

आजोबांची या कामावर आपली एक परीक्षा होती. नाल ठोकायला गावोगावचे बैल त्यांच्यापुढे यायचे. पाय धरण्याआधी ते बैलाच्या गळ्याखाली हात फिरवायचे. तिथले केस झडून कातडी जाड झालेली दिसली, की मालकाला म्हणायचे, “पाटील, गव्हाण उंच झाली तुमची.” मालक म्हणायचा, “नालबंदचाचा, तुम्ही आमच्या गोठ्यात कधी आलात?” गोठ्यात यायची गरज नव्हती. गव्हाण बैलाच्या गळ्यावर लिहिलेली असायची.

शेळ्यांचं शास्त्र वेगळं. गाय खाली मान घालून चरते, शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडते. जमिनीवर पडलेल्या, तुडवलेल्या चाऱ्याला ती सहसा तोंड लावत नाही. आपण तिला लाडावलेली म्हणतो, पण त्यात तिचा शहाणपणा आहे. जंताची अंडी लेंडीतून जमिनीवर पडतात आणि घाण झालेल्या चाऱ्यातून परत पोटात जातात. म्हणून शेळीची गव्हाण उंचावर असावी लागते आणि तिच्यात पाय घालता येणार नाही अशी लागते. आमच्या मोहल्ल्यात घरटी दोन-चार शेळ्या असत. त्यांच्यासाठी मोडकी बाज भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची. बाजेच्या आणि भिंतीच्या मध्ये शेवरीचा, बाभळीचा पाला भरायचा. शेळ्या सुंभाच्या विणीतून तोंड घालून एकेक डहाळी ओढून घेत. खाली पडेल ते कोंबड्यांचं. बकरी ईदसाठी पाळलेल्या बोकडाला या बाजेवर पहिला मान. पै खर्च न करता झालेली ही गव्हाण आजही मला कुठल्याही कारखान्यातल्या लोखंडी सांगाड्याइतकीच चोख वाटते.

चाऱ्याबरोबर पाणी आलंच. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटाने शेताकडे जायचं. जवळच गुरांसाठी दगडी डोण असे. वडारांनी, पाथरवटांनी एका दगडात कोरलेल्या या डोणी अजून कित्येक गावांत पडलेल्या दिसतात. पण पाणवठ्याचा इतिहास सगळाच गोड नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तिथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. जनावराच्या तहानेची काळजी घेणाऱ्या समाजाने माणसाच्या तहानेचं काय केलं, हे डोणीचं कौतुक करताना विसरता येत नाही.

गव्हाणीचं महत्त्व वाढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी वर्षातले पुष्कळ महिने गुरं रानात, गायरानात चरत. गव्हाण लागे ती रात्रीपुरती, पावसाळ्यातल्या झडीपुरती आणि कामाच्या बैलांपुरती. पण १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि कोंडवाडे सरकारी शिस्तीने चालू लागले. १८७८ साली जंगल कायदा आला आणि चराईची राखीव रानं बंद होऊ लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने शेतकऱ्याची गुरं चारायची जागाच काढून घेतल्याची तक्रार आहे. या दोन कायद्यांच्या मध्येच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर या पट्ट्यात माणसांबरोबर गुरंही मोठ्या संख्येने मेली. रान बंद, पाऊस नाही. जनावर जगवायचं, तर दावणीला बांधून, मोजून घातलेल्या वैरणीवर. गव्हाण आता सोयीची वस्तू राहिली नाही, गरजेची झाली.

पुढचा बदल यंत्राने घडवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कारखाना सुरू केला, तेव्हा त्यांच्या पहिल्यावहिल्या मालात लोखंडी नांगराबरोबर कडबा कापायचं यंत्र होतं. १९१० साली हा कारखाना किर्लोस्करवाडीला आला. कडबा कापायचं यंत्र साधं दिसतं, पण त्याने गोठ्याचं गणित बदललं. आख्खी पेंढी टाकली, तर बैल पानं ओरबाडून खातो आणि जाड बुडखे टाकून देतो. कुट्टी केली, की बुडखाही पोटात जातो. पण कुट्टी जमिनीवर टाकता येत नाही. वाऱ्याने उडते, शेणात मिसळते. पेंढीला गव्हाण असली तर बरं, कुट्टीला गव्हाण असल्याशिवाय भागतच नाही. म्हणजे कारखान्यातलं लोखंड आणि दादीच्या हातची माती एकमेकांच्या आधाराने चालू लागली. ज्याने यंत्र आणलं आणि गव्हाण केली नाही, त्याने अर्धाच फायदा घेतला.

त्यानंतर धवलक्रांती आली. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं, जिल्ह्याजिल्ह्यांत दूध संघ उभे राहिले. संकरित गाय दारात आली. ही गाय रानात हिंडणारी नव्हे. तिला दिवसभर एका जागी चारा, पेंड आणि पाणी हवं. तिच्याबरोबर सिमेंटची गव्हाण आली. मापं साधारण ठरून गेली. एका गाईला लांबीत दोन ते अडीच फूट, रुंदी दोन फूट, खोली सव्वा ते दीड फूट, आतले कोपरे गोल. वाचून गंमत वाटते. दादीची वीत आणि गुडघा आता फुटात आणि इंचात आला होता. कोपऱ्याचा नियम मात्र जसाच्या तसा. फक्त एक पथ्य वाढलं. मुरघास आंबट असतो आणि त्याचं आम्ल सिमेंटला हळूहळू खातं. गिलावा खडबडीत झाला, की त्या खाचांत जुना चारा अडकून कुजतो. म्हणून गव्हाण रोज झाडायची आणि गिलावा निघाला की वेळीच दुरुस्त करायचा.

सिमेंट परवडत नाही, त्याने भंगारातून वाट काढली. उभं चिरलेलं पिंप, अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम, उलटा करून कापलेला ट्रकचा टायर, सिमेंटच्या पाइपची फुटकी अर्धी बाजू, यांच्या गव्हाणी आज गावोगाव दिसतात. मला त्यांचं कौतुक आहे. घरच्या घरी गव्हाण करायची परंपराच त्या पुढे चालवत आहेत. पण जुन्या मातीत नसलेले धोके यांत आहेत, ते सांगायला हवेत. कीटकनाशकाचा, रंगाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला, तरी गव्हाणीला वापरू नये. पत्र्याची कड आत वळवून ठोकल्याशिवाय जनावरापुढे ठेवू नये, नाहीतर जीभ कापते. टायर जुना झाला, की आतल्या तारा बाहेर येतात. गाय चारा चावून बघत नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गेला, तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो, आणि तिथून भिंत भेदून थेट काळजापर्यंत पोहोचू शकतो. चांगली दुभती गाय अशी चार आण्याच्या तारेने जाते.

गव्हाणीची खरी किंमत मी पाहिली ती ती नसताना. १९७२ चा दुष्काळ मला आठवायचं कारण नाही, मी तेव्हा पाळण्यात होतो. घरच्यांनी सांगितलेलं तेवढं ठाऊक आहे. छपरावरचं पाचट उतरवून गुरांना घातलं, आणि दादीने तेही गव्हाणीत घातलं, जमिनीवर नाही. २०१३ चा आणि २०१९ चा उन्हाळा मात्र डोळ्यांनी पाहिला. २०१९ मध्ये मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात चारा छावण्या लागल्या आणि लाखो जनावरं तिथे दाखल झाली. आमच्या भागातल्या एका छावणीत मी दोन दिवस होतो. उसाचे टिपरे आणि वाढं यायचं, वजन करून वाटलं जायचं, आणि बहुतेकांच्या गुरांपुढे ते मोकळ्या जमिनीवर पडायचं. संध्याकाळपर्यंत त्यातला काही भाग शेणाच्या चिखलात. सरकारच्या तिजोरीतून आलेला, दूरच्या जिल्ह्यातून ट्रकने आणलेला चारा, आणि त्याचं चघळ होत होतं.

पण तिथेही काही जण गप्प बसले नव्हते. कुणी फूटभर खोल चर खणून त्यात ताडपत्री अंथरली होती. कुणी घरून अर्धं पिंप गाडीत घालून आणलं होतं. एका म्हातारीने दगडांची ओळ लावून, वर माती लिंपून चक्क दोन हाताची गव्हाण घातली होती. छावणी उठली की ती मोडणार, हे तिला माहीत होतं. मी विचारलं, “मावशी, चार महिन्यांसाठी एवढी मेहनत?” ती म्हणाली, “मुकं जनावर हाय. त्येला खाली कसं वाढायचं?” दुष्काळातली नासाडी टाळायची म्हणून ती गव्हाण नव्हती, किंवा तेवढ्यासाठीच नव्हती. जेवायला बसणाऱ्यापुढे पान मांडावं, एवढी साधी रीत तिच्या मनात होती. त्या रीतीच्या पोटातच छत्तीस दिवसांचा हिशेब आपोआप होता.

आपण इतिहास दगडात आणि ताम्रपटात शोधतो. मातीची गव्हाण दोन पावसाळ्यांत ओल धरते, चार वर्षांत ढासळते, आणि बाईच्या हाताने पुन्हा उभी राहते. तिचा अवशेष राहत नाही. राहतो तो शब्द, आणि राहतात दावणीला जगलेली जनावरं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्राचं पशुधन सुमारे तीन कोटी तीस लाख भरलं. त्यातली कोट्यवधी जनावरं लहान शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, एकट्या बाईच्या दारात आहेत. त्यांच्यासाठी मोठ्या योजना व्हाव्यात, अनुदानं मिळावीत, छावण्यांत चाऱ्याबरोबर गव्हाणीचीही सोय असावी. या सगळ्या मागण्या रास्तच आहेत. चारा किलोने मोजणाऱ्या सरकारने तो वाढायचा कशात, याचाही एक नियम करायला हरकत नाही.

पण त्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. पावसाचं काही सांगता येत नाही. फाल्गुनात कडबा घरात येतो, हे मात्र ठरलेलं आहे. गंज रचायला घेण्याआधी एकदा गोठ्यात जा. गव्हाणीच्या कडेवरून हात फिरवा. भेग असेल तर लिंपून घ्या, कोपरा झाला असेल तर गोल करा, तार दिसली तर उपटून टाका. एका दिवसाचं काम आहे. वैशाखात त्याचा महिना होतो.